चार वाजून जाईपर्यंत जागी राहणारी आई: कॅन्सरच्या उपचारानंतर झोप का उडते आणि काय करता येतं

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका मुलीनं विचारलं आहे. प्रश्न मोठा आहे, थोडक्यात मांडते. आई ५७ वर्षांची. स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, किमो झाली, शेक (रेडिएशन) घेऊन झाला. सात महिन्यांपासून लेट्रोझोल या हार्मोनविरोधी औषधाची रोज एक गोळी सुरू आहे. शुगर आणि बीपी त्याआधीपासूनच. "आई पाच महिन्यांपासून रात्रीची झोपूनच नाही राहिली. नऊला आडवी होते, पण चार-साडेचार वाजून गेले की मंग कुठं डोळा लागतो." रात्री घामानं भिजते, असंही लिहिलंय. मामांनी घरच्या ग्रुपवर बातमी टाकली की कॅन्सर झोपेत पसरतो. मावशीचा रोज फोन असतो की झोप झाली नाही तर दुखणं उलटेल. शेजारच्या काकूंनी अल्प्राझोलम या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या औषधाची ०.२५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी दिली होती, ती वाढत वाढत आता रोज ०.५ ची एक झाली आहे. विचारलंय ते एवढंच: झोपेची कोणती गोळी सुरक्षित आहे, न झोपल्यानं कॅन्सर परत येतो का, आणि आधी कोणाकडे जायचं?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. नागपुरात एकवीस वर्षं काम करते आहे आणि त्यातला बराचसा वेळ झोपेच्या तक्रारींत जातो. कॅन्सरच्या उपचारातून बाहेर आलेल्या बायका माझ्याकडे दर आठवड्याला येतात. तुमच्या आईला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे गोळी आणि डोस तिचे डॉक्टरच ठरवतील. मी विचार कसा करते आणि कुठून सुरुवात करते, ते मात्र सविस्तर सांगता येईल.

गोळीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवूया, कारण तुमच्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. "चार-साडेचार वाजून गेले की डोळा लागतो." मामांनी टाकलेल्या बातमीत पहाटेच्या चारचा उल्लेख होता का, ते एकदा उघडून बघा. माझा अंदाज आहे की असेल.

तो का, ते सांगते. दोनेक वर्षांपूर्वी काटोलकडच्या एक बाई आल्या होत्या. मी सगळ्यांना दोन आठवडे झोपेची डायरी लिहायला सांगते, तशी त्यांनी नातवाच्या चौकटीच्या वहीत लिहून आणली होती. रोजचं पान जवळपास सारखं. "११ जागी. १२ जागी. २ लाइन आली, हे पंप सुरू करायला गेले. ३ जागी. ४ गेले." हे 'गेले' मला पहिल्यांदा कळलं नाही. मला वाटलं, नवरा पुन्हा शेतात गेला. विचारलं तर म्हणाल्या, "नाही, चार वाजून गेले. चार गेले का हायसं वाटते बाई." त्यांच्या मुलानं मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती. कॅन्सरच्या पेशी पहाटे चारला रक्तात सुटतात, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. तेव्हापासून त्या चारपर्यंत जाग्या राहायच्या. कोणाला सांगितलं नव्हतं. मुलाला वाटायचं, किमोनं झोप उडाली.

ती बातमी खोटी नाही, पण फार अर्धी आहे. जून २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातले निकोला अचेतो त्याचे प्रमुख होते. स्तनाचा कॅन्सर असलेल्या ३० बायकांचं रक्त दोनदा घेतलं, पहाटे ४ वाजता झोपेच्या वेळी आणि सकाळी १० वाजता. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी मोजल्या. जेवढ्या सापडल्या त्यातल्या ७८ टक्क्यांच्या आसपास पहाटेच्या नमुन्यात होत्या. उंदरांमध्ये पुढे असं दिसलं की विश्रांतीच्या वेळी सुटलेल्या पेशी नवीन जागी रुजायला जास्त सक्षम असतात. संशोधकांनी त्याचा संबंध शरीरातल्या घड्याळाशी आणि मेलॅटोनिनसारख्या हार्मोन्सच्या चढउताराशी जोडला.

आता यात काय नाही ते बघा. ज्या बायका जागल्या त्या वाचल्या, असं यात कुठेही नाही. झोपणाऱ्या आणि जागणाऱ्या अशा दोन गटांची तुलनाच झालेली नाही. एकाच बाईच्या रक्तात दिवसाच्या दोन वेळी काय दिसतं, एवढंच बघितलं आहे. त्या बायकांच्या अंगात कॅन्सर होता, म्हणून पेशी सुटत होत्या. तुमच्या आईची गाठ काढून झाली आहे आणि वर किमो, शेक आणि लेट्रोझोल. संशोधकांनी डॉक्टरांना सुचवलं ते एवढंच की तपासणीचा नमुना कोणत्या वेळी घेतला याची नोंद ठेवा, कारण वेळेनुसार निकाल बदलू शकतो. 'झोपू नका' असं त्यांनी म्हटलेलं नाही. शिवाय शरीरातलं घड्याळ आपण जागे राहिल्यानं थांबत नाही. आई डोळे उघडे ठेवून बसली म्हणून पहाटेचे चार टळत नाहीत.

मावशींचं म्हणणं नेमकं उलट दिशेचं आहे, आणि त्यालाही थोडा आधार आहे म्हणून तेही नीट सांगते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पुढच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ९७ बायकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं घड्याळासारखं यंत्र बांधलं आणि नंतर त्या किती जगल्या ते पाहिलं. २०१४ मध्ये ते छापून आलं. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी जास्त वेळ ज्या खरोखर झोपत होत्या, त्या जास्त जगल्या. पण एकूण किती तास झोपल्या याचा आयुष्याशी संबंध दिसला नाही. आणि हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांचं दुखणं आतून जास्त आहे त्यांची झोपही जास्त मोडणार, मग कशामुळे काय झालं हे अशा अभ्यासातून ठरत नाही. रात्रपाळीबद्दलही तुम्ही वाचलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीचं काम 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. मधल्या काळात, २०१६ मध्ये, ब्रिटनमधल्या 'मिलियन विमेन स्टडी'त मात्र रात्रपाळी करणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त आढळला नाही. हा वाद वर्षानुवर्षं रात्री काम करणाऱ्यांचा आहे. आजारपणानंतर पाच महिने झोप मोडलेल्या बाईचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून आईला तुम्ही खात्रीनं सांगू शकता: झोप झाली नाही म्हणून तुझा कॅन्सर परत येईल, हे कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि झोपलीस म्हणून तो पसरेल, हेही नाही. हे तिला समोर बसून सांगा, घाईत नको. मामा आणि मावशी दोघांनाही आधी वेगळं सांगा. ते मायेपोटीच बोलतात, पण त्या मायेनं तिची रात्र दोन्हीकडून कोंडली गेली आहे. झोपावं तर भीती, जागावं तर भीती.

कॅन्सर परत येऊ नये यासाठी आईच्या हातात सध्या सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती लेट्रोझोलची रोजची गोळी. मला खरी काळजी वाटते ती इथे. अंगातून वाफा, सांधेदुखी आणि झोप नाही, याला कंटाळून बायका ती गोळी गुपचूप बंद करतात. डॉक्टरांना सांगत नाहीत, घरच्यांनाही नाही. झोपेवर उपचार करायचे ते यासाठीही. पाकीट बघून गोळ्या मोजा, पण आईला संशय न येता. विचारायचंच असेल तर सरळ विचारा.

भीतीचं झालं. पण नुसत्या भीतीनं पाच महिने झोप उडत नाही, अंगातही कारणं असतात. माझ्या टेबलासमोर बसलेल्या बाईला मी सगळ्यात जास्त प्रश्न विचारते ते घामाबद्दल. तुम्ही लिहिलंय की ती रात्री घामानं भिजते. नागपुरात मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती गरम असतात, त्यामुळे सगळे म्हणतात, "उन्हाळा आहे, घाम येणारच." पण रात्रीच्या घामाची तीन वेगळी कारणं तुमच्या आईच्या बाबतीत शक्य आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

एक, खरंच उकाडा. तो घरातल्या सगळ्यांना असतो आणि कूलरसमोर गेलं की कमी होतो. दुसरं, लेट्रोझोलमुळे येणाऱ्या गरम वाफा. त्या आतून उठतात, छातीपासून मान आणि चेहऱ्याकडे चढतात, दोन-पाच मिनिटांत ओसरतात आणि मग थंडी वाजते. बाई पांघरूण फेकते आणि पुन्हा ओढते. तिसरं कारण बहुतेक घरांत कोणाच्या लक्षात येत नाही: शुगर कमी होणं. आई ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेत असेल, किमोनंतर जेवण कमी झालं असेल आणि डोस मात्र जुनाच असेल, तर रात्री दोन-तीनच्या सुमारास शुगर खाली येऊ शकते. दरदरून घाम, धडधड, हातांना कंप, घाबरं होणं. ते भीतीसारखंच दिसतं आणि अल्प्राझोलम दिली की झाकलं जातं. म्हणून आजच्या रात्रीपासूनच एक काम करा. घामानं जाग आली की ग्लुकोमीटरवर बोट टोचून शुगर बघा आणि वेळेसकट लिहून ठेवा. ७० च्या खाली आली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा आणि दुसऱ्याच दिवशी शुगरच्या डॉक्टरांना कळवा. यासाठी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

शुगर ठीक असेल आणि वाफाच असतील तर त्यावर औषधं आहेत. आईचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असणार, म्हणूनच लेट्रोझोल दिलं आहे. त्यामुळे इस्ट्रोजेनच्या गोळ्या तिला चालणार नाहीत. व्हेनलाफॅक्सिन किंवा रात्रीच्या वेळी गॅबापेंटिन अशी हार्मोन नसलेली औषधं आम्ही वापरतो. २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एलिन्झानेटंट या नव्या औषधाची चाचणी आली, तीही नेमकी अशाच बायकांवर, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरसाठी हार्मोनविरोधी गोळ्या घेणाऱ्यांवर केलेली. वाफा कमी झाल्या. हे औषध मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या पेशींवर काम करतं, हार्मोनवर नाही. या वाटेनं आता पुढे जाता येईल असं मला वाटतं. आईसाठी ते योग्य आहे का आणि मिळेल का, हे तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. ज्यांची आई लेट्रोझोलऐवजी टॅमॉक्सिफेन घेते त्यांच्यासाठी एक सूचना: पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही मनाच्या आजारांची औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे रूपांतर व्हायला हवं ते अडवतात. कोणत्याही मनोविकारतज्ज्ञाकडे गेलात तरी टॅमॉक्सिफेन सुरू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

बाकीची कारणं पटकन सांगते. पायांत संध्याकाळनंतर वळवळ होऊन पाय हलवत राहावंसं वाटत असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह देऊन फरक पडतो. तळव्यांना झिणझिण्या आणि आग असेल तर ते पॅक्लिटॅक्सेलसारख्या किमोमुळे किंवा शुगरमुळे नसांना झालेली इजा असू शकते. त्यावर वेगळं औषध आहे. रात्री तीन-चारदा लघवीला उठत असेल तर शुगर वाढली आहे का ते बघा, आणि बीपीची लघवी वाढवणारी गोळी रात्री घेते का तेही बघा. ती सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा.

आणि घोरण्याकडे लक्ष द्या. हे तुम्हालाच करावं लागेल, कारण घोरणाऱ्याला ते कळत नाही. पाळी गेल्यानंतर आणि वजन वाढल्यावर बायकांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा आजार वाढतो, आणि बीपी-शुगर आटोक्यात न येण्यामागे तो पुष्कळदा असतो. पहाटे डोळा लागल्यावर आईजवळ अर्धा तास बसा. घोरणं मधेच थांबून शांतता आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं होत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. आता ती घरीही करता येते. या आजारात झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते, म्हणून गोळीआधी हे बघायचं. उपचार मुख्यतः सीपॅपचा, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा. २०२४ मध्ये टिर्झेपॅटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शननं लठ्ठ रुग्णांत श्वास अडण्याचं प्रमाण बरंच कमी झाल्याचं दिसलं आणि त्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत या आजारासाठी त्याला मंजुरीही मिळाली. पण नुकत्याच कॅन्सरच्या उपचारातून उठलेल्या बाईचं वजन किती आणि किती वेगानं कमी करायचं हे तिच्या सगळ्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं.

आता गोळी. काकूंनी चांगल्या मनानं दिली, हे मी समजू शकते. पण अल्प्राझोलम भारतात शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही आणि चिठ्ठीवर विकली तरी दुकानदारानं नोंद ठेवायची. त्याला कारण आहे. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय होते, डोस वाढतो, आणि तुमच्या घरात नेमकं तेच झालं आहे. तुमच्या आईच्या बाबतीत माझी मोठी भीती वेगळी आहे. लेट्रोझोलनं हाडं विरळ होतात. गुंगीत असलेली बाई रात्री तीनला अंधारात बाथरूमकडे निघते, ओल्या फरशीवर पाय सरकतो आणि खुब्याचं हाड मोडतं. कॅन्सरमधून सुखरूप बाहेर आलेल्या बाया मी अशा पडून अंथरुणाला खिळलेल्या पाहिल्या आहेत. हाडांची घनता तपासली नसेल तर तपासून घ्या आणि बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा.

पण हे वाचून आज रात्री गोळी बंद करू नका. पाच महिन्यांनंतर एकदम बंद केली तर झोप आहे तीही जाईल, घबराट उसळेल, क्वचित फिटही येऊ शकते. अमेरिकेतल्या व्यसनमुक्तितज्ज्ञांच्या संघटनेनं २०२५ मध्ये यासाठी मार्गदर्शन काढलं: दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करत जायचं, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कधीच कमी करायचं नाही. मीही साधारण तसंच करते. वेळ लागतो, पण माणूस घाबरत नाही. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

मग गोळीऐवजी काय? निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याचा, गोळीशिवायचा उपचार. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं जुन्या निद्रानाशावर सगळ्या प्रौढांसाठी हाच पहिला उपचार सांगितला, गोळी नंतर. कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांवरही तो तपासला गेला आहे. २०१९ मध्ये अशा १६० जणांवर सीबीटी आणि अॅक्युपंक्चर यांची तुलना झाली; दोन्हींनी फायदा झाला, सीबीटीनं जास्त.

यातला मुख्य भाग तुमच्या आईच्या आकड्यांवरच समजावून सांगते. ती रात्री नऊला आडवी होते आणि सकाळी नऊला उठते, म्हणजे बारा तास अंथरुणात. झोप होते साडेचार तास. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ ती अंथरुणात जागी असते, छताकडे बघत. पाच महिने असं चाललं की अंथरूण ही विचार करण्याची आणि घाबरण्याची जागा होऊन बसते. उशीला डोकं टेकलं की झोपेऐवजी जाग येते. बायका मला सांगतात, "सोफ्यावर टीव्ही बघता बघता पेंगते, पलंगावर गेले की टक्क." हीच ती सवय.

म्हणून आम्ही अंथरुणातला वेळच कमी करतो. साडेचार तास झोप होते ना, मग अंथरुणात फक्त साडेपाच तास राहायचं. उदाहरणार्थ, रात्री बारा ते पहाटे साडेपाच. साडेपाचला उठायचंच, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप बंद. पहिला आठवडा जड जातो, चिडचिड होते, घरच्यांना दया येते आणि ते म्हणतात, "झोपू द्या ना तिला." तिथेच टिकून राहावं लागतं. पण काही दिवसांत झोपेची भूक साठते आणि बाराला आडवं झालं की डोळा लागायला लागतो. त्या साडेपाच तासांतले सुमारे पावणेपाच तास झोप व्हायला लागली की पंधरा मिनिटं वाढवायची. पुन्हा आठवडाभर बघायचं, पुन्हा पंधरा मिनिटं. असं करत साडेसहा-सात तासांपर्यंत जायचं. मधे जाग आली आणि वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं, तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, मंद उजेडात काहीतरी हातानं करायचं आणि पेंग आली की परत यायचं. घड्याळ बघायचं नाही. तुमच्या घरात तर भिंतीवरचं घड्याळ आजच उतरवा आणि आईचा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. तिला चार कधी वाजले हे कळायलाच नको.

हे सगळ्यांना सरसकट चालत नाही. फिट येत असतील, पूर्वी उन्मादाचा आजार झाला असेल, झोपेत श्वास अडत असेल, तोल जात असेल तर वेळ एवढा कमी करत नाही आणि करायचाच तर डॉक्टरांसोबत. आई गाडी चालवत असेल तर पहिले दोन-तीन आठवडे चालवू नये. शुगरच्या गोळ्यांची आणि जेवणाची वेळ उठण्याच्या नव्या वेळेशी जुळवून घ्यावी लागते.

काटोलच्या त्या बाईंना मी हेच केलं, पण आधी दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. शेताची लाइन रात्रीची होती आणि नवरा दोनला उठला की खाटेच्या आवाजानं, टॉर्चच्या उजेडानं त्यांची झोप मोडायची. त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली. आणि वहीतला 'वेळ' हा रकाना मीच खोडला. सकाळी उठल्यावर अंदाजानं लिहायचं, रात्री काही लिहायचं नाही. तिसऱ्या आठवड्याच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, "कोंबडा ऐकला नाही." ते पान मला अजून आठवतं. पुढे वाफांनी त्यांची झोप पुन्हा दोनदा मोडली, औषध द्यावं लागलं. एका झटक्यात सगळं सुरळीत झालं असं नाही.

घरात करता येईल असं आणखी थोडं. कूलर खिडकीत असेल तर हवा अंगावर थेट न घेता पायांकडून घ्यायची आणि पाणी झोपायच्या आधीच भरून ठेवायचं, कारण कूलर कोरडा फिरायला लागला की त्या आवाजानं जाग येते. पावसाळा लागला की कूलर नुसती दमट हवा मारतो; तेव्हा पंखा बरा. फोमच्या गादीवर सुती सतरंजी टाका, वाफा येणाऱ्या बायकांना फोम सोसत नाही. योगाची आवड असेल तर जरूर करू द्या. २०१३ मध्ये कॅन्सरमधून बाहेर आलेल्या ४१० जणांवर चाचणी झाली होती, त्यात आठवड्यातून दोनदा असा चार आठवड्यांचा सौम्य योग करणाऱ्यांची झोप सुधारली. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर भार येणारी आसनं मात्र फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नकोत. अश्वगंधा, शतावरी किंवा 'हार्मोन बॅलन्स'च्या पुड्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

तुम्ही विचारलंय की आधी कोणाकडे जायचं. रात्रीची शुगर खाली येत असेल तर शुगरच्या डॉक्टरांकडे, लगेच. तसं नसेल तर जिथे कॅन्सरचे उपचार झाले तिथल्याच बाह्यरुग्ण विभागात झोपेची तक्रार स्वतंत्रपणे मांडा. तपासणीच्या गर्दीत "बाकी ठीक आहे ना?" असं विचारलं जातं, आई "हो" म्हणते आणि पाच महिने निघून जातात. सीबीटीसाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचार करणारे मानसशास्त्रज्ञ लागतील. नागपुरातल्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) किंवा एम्सच्या मनोविकार विभागातही दाखवता येईल. आईला सांगा की तिथे जाणं म्हणजे डोकं फिरलं असं नाही. काही बायका आल्या आल्या सगळ्यात आधी हेच विचारतात.

पण जर आई म्हणू लागली की जगण्यात काही राम उरला नाही, जेवण सोडलं, कोणाशी बोलेनाशी झाली, किंवा जीव द्यावासा वाटतो असं म्हणाली, तर डायरी-बियरी काही नको, त्याच दिवशी घेऊन जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

जाताना दोन आठवड्यांची डायरी न्या, ग्लुकोमीटरच्या नोंदी न्या आणि घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, काकूंनी दिलेलं पाकीटसुद्धा. डॉक्टरांसमोर आईच्या वतीनं तुम्ही बोलू नका, निदान पहिली दहा मिनिटं. आणि त्याआधी घरी एखाद्या संध्याकाळी, मामांची बातमी किंवा मावशीचा फोन यांचं नावही न काढता, तिला एवढंच विचारा: "आई, चार वाजेपर्यंत तू कशाची वाट बघतेस?" ती काय म्हणते ते इथे लिहा. पुढचं त्यावरून बघू.